हॉलिसचा उरलेला रंग

"धब्ब!"

ओव्हनचं दार थरथरलं, मांजर खिडकीतून पसार झालं, आणि एर्लीन कपाळ चाचपून बघू लागली, भुवया जागेवर आहेत की गेल्या.

"वहिनी, दिवाळी होऊन महिना लोटला," कुंपणापलीकडून देवनारायणची हाक आली. "फटाके अजून उरलेत?"

"उरलेत. ये, तुझ्या शेपटीला बांधते!"

तो हसत हसत पाना घेऊनच आला. एर्लीनच्या नवऱ्याचा, हॉलिसचा, जिवाभावाचा दोस्त. हॉलिस ईस्टरच्या आधी गेला. तेव्हापासून ओव्हन गारच होता. एकटीच्या पावासाठी कोण तो तापवणार? पण आता नाताळ उंबऱ्यावर आला होता आणि टेबलावर ती बरणी होती. मनुका, चेरी, आलुबुखार, सगळं रममध्ये वर्षभर मुरलेलं. काळ्या केकसाठी हॉलिसनं जानेवारीत स्वतःच्या हातानं भरून ठेवलेलं. त्याच्या हातची ही शेवटची बरणी.

"माझ्याकडे भाजा ना केक," देवनारायण म्हणाला.

"तुझ्या ओव्हनला जिऱ्याचा वास येतो. त्याचा केक त्याच्याच घरात फुगेल."

गॅस बंद करून, दारं-खिडक्या उघडून दोघं अंगणात थांबली. वास पार गेल्यावर देवनारायणनं ओव्हनच्या तळाचा पत्रा काढला आणि गॅस बंदच ठेवून बटण फिरवलं. गॅस पेटवणारी विजेची कांडी लाल झाली, मग पिवळीधमक.

"कांडी तर ठणठणीत आहे. मग गॅस उशिरा का पेट घेतोय?" तो बॅटरी घेऊन वाकला आणि खो खो हसत सुटला. "वहिनी, बघा तुमच्या नवऱ्याचे प्रताप!"

आतली बर्नरची नळी चांदीसारखी चमकत होती.

नाताळ आला की हॉलिसच्या हाताला रंगाची खाज सुटे. फाटक चंदेरी, कुंड्या चंदेरी, अंगणातले दगडसुद्धा चंदेरी. पुढचा एक दात नसलेल्या तोंडानं हसत हसत सगळं रंगवत जाई. गेल्या नाताळचा उरलेला रंग वाया कसा घालवायचा, म्हणून जाण्याच्या थोडं आधी नळीवर कुंचला फिरवला असणार. कांडीजवळची भोकं बुजून गेली होती. गॅस लांबच्या भोकांतून निघे, साचे, आणि कांडीपर्यंत पोचला की सगळा एकदम भडके.

"तरीच शिट्टी वाजवत इथे घुटमळत होता, लबाड!" एर्लीन हसता हसता पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावत म्हणाली.

देवनारायणनं तार उचलली.

"दे इकडे. हे मी करते."

एकेक भोक ती मोकळं करत गेली. चंदेरी कपचे तळहातावर जमत गेले. ते तिनं फुंकले नाहीत, रिकाम्या बशीत ठेवले.

"टोकाचं एक राहिलं, वहिनी."

"राहिलं तर धोका आहे?"

"तेवढ्यानं काही होत नाही. कांडीपासून लांब आहे ते."

"मग राहू दे."

गॅस सुरू झाला. कांडी तापली, आणि कसलाही आवाज न करता निळी रांग सरसर धावत गेली, टोकाजवळ एक फट सोडून.

दोघं बघत राहिली.

"दात बसवून घे म्हणून मी त्याच्या किती मागे लागले होते," एर्लीन म्हणाली, आणि केकचं भांडं आत सरकवलं.