फ्रेममध्ये कोणी येऊ नका

मोहनाला नाटकांत वर्षानुवर्षं वहिनीच मिळाली. चहा आणणारी, नाहीतर पदर तोंडाला लावून आत पळणारी. त्यामुळे केयूरने आपल्या गुन्हेपटात तिला चक्क नायिका, तीही इन्स्पेक्टर केली, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं.

शेवटच्या दिवसाचं शूटिंग समा भागातल्या, बहुतेक गुजराती वस्तीच्या एका सोसायटीत होतं. दिग्दर्शक केयूर सकाळपासून एकच पाढा घोकत होता, फ्रेममध्ये कोणी येऊ नका. तिथल्या वसुंधराकाकूंना तर त्याने येता-जाता हटकलं. नवी साडी नेसून आलेल्या काकू फुरंगटून बाकावर बसल्या.

जेवणाच्या सुट्टीत कुणी एक माणूस टेबलावरची काळी बॅग उचलून पळाला. आत हार्ड डिस्क होती, म्हणजे अख्खा पिक्चर. दुसरी प्रत काढायचं केयूरचं रोज राहून जात होतं, आणि निर्माता पुन्हा शूटिंग करू देणाऱ्यातला नव्हता. मोहना ताट टाकून खाकी वर्दीतच धावली. चोर, चोर, पकडा, असं जीव तोडून ओरडली. लोकांनी सीन समजून कौतुकाने टाळ्या वाजवल्या आणि ते शहाण्यासारखे बाजूला सरकले. वॉचमनने तर चोरासाठी फाटक उघडलं आणि स्वतः खांबाआड झाला.

डिस्क गेली की पुन्हा वहिनी, जन्मभर. आणि तेवढ्यात मोहनाचं डोकं चाललं.

"बधां फ्रेममां आवी जाव! आ सीन तमारो छे, एने जवा ना देता!"

सगळे फ्रेममध्ये या, सीन तुमचाच, हे ऐकताच सगळी सोसायटी लोटली. फाटकातच चोराला वेढा पडला. वसुंधराकाकूंनी त्याची कॉलर धरून, माझ्या मुलाला कुठे लपवलंस, असा टाहो फोडला. डोळ्यांत खरं पाणी. कुठला मुलगा, काय, चोर पार भांबावला. त्याने बॅग ठेवली आणि मुकाट्याने मोहनापुढे हात केले. तिच्या बेड्या प्लास्टिकच्या होत्या, पण खरे पोलीस येईपर्यंत पुरल्या.

केयूरने बॅग पोटाशी धरली आणि मग कपाळावर हात मारला. कॅमेरा बंद होता. मोबाइलवरही कुणी काही टिपलं नव्हतं, जो तो अभिनयात गुंतलेला.

"मोहनाताई, परत एकदा कराल? इतकं झकास काम तुम्ही पिक्चरभर केलं नाहीत."

मोहनाला धाप लागली होती, आणि फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "पिक्चरला दुसरं देते. हे माझं मला राहू दे."