मिठाचं वर्तुळ, टाकीचं झाकण

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुख्याध्यापिकाबाईंनी टाइप केलेला एक कागद टेबलावरून पुढे सरकवला, त्यावर उघडं पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "सही कर." समोरच्या सोळा वर्षांच्या मुलीने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही वस्तू होत्या तशा परत सरकवल्या.

खोलीत पाच जण होते. मुख्याध्यापिकाबाई. पालक समितीचे अध्यक्ष, पेशाने दातांचे डॉक्टर. कोपऱ्यात टिपणं घेणारा शाळेचा क्लार्क. मुलगी. आणि मुलीची आई. ती रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधून अर्धी रजा टाकून आली होती आणि तिच्या मनगटावर हातमोज्याची पांढरी पावडर अजून तशीच होती. आईची थोरली बहीण, म्हणजे मुलीची मावशी, बाहेरच्या बाकावर बसली होती. कागदात तिचाच उल्लेख असल्यामुळे तिला आत घ्यायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

कागदात चार वाक्यं होती. गेल्या गुरुवारी मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या गच्चीवर चेटूक केलं. त्या वेळी आम्ही पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. हे सर्व आम्ही एका पुस्तक-बांधणीवाल्या बाईने फूस लावल्यामुळे केलं. आम्हाला पश्चात्ताप होत आहे. खाली चार जागा होत्या आणि तीन भरल्या होत्या. चौथी भरली, तर मुलीचा परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार होता आणि मावशीविरुद्धची तक्रार पोलीस चौकीत. नाही भरली, तर फॉर्म अडणार होता. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार.

सोमवारी दुपारी बारापासून शाळेत तेवीस मुलांना उलट्या झाल्या होत्या. दोघांना सलाइन लावावं लागलं. बुधवारी सकाळी टाकी बघायला शिपाई गच्चीवर गेला आणि धावतच खाली आला. टाकीत काय आहे हे त्याने सांगितलंच नाही. त्याने सांगितलं ते टाकीशेजारच्या मिठाच्या वर्तुळाबद्दल आणि मेणबत्तीच्या चार थोटकांबद्दल. त्यानंतर जो तो गच्चीवर गेला तो मीठ बघायला गेला. दुपारी दप्तरं तपासली गेली, चौघींची नावं निघाली, आणि संध्याकाळपर्यंत तीन घरांतून तीन सह्या आल्या.

मुलगी बधली नाही. हे बघून तिच्या आईला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. लहानपणी औषधाचा चमचा दातांनी धरून ठेवणारी पोर ती.

मावशीच्या पुस्तक-बांधणीच्या दुकानात ती चौदाव्या वर्षी पहिल्यांदा गेली, सुट्टीत छापील पानांचे फर्मे शिवायला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला कटिंग मशीन, दुसऱ्या टोकाला खळीचं पातेलं, मधे कमरेएवढे कागदाचे गठ्ठे. मावशीच्या टेबलाच्या खणात काळ्या कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही असे. ही काय म्हणून विचारल्यावर मावशी हातातलं दाभण न थांबवता म्हणाली, "माझी साधना लिहिते त्यात. मी विक्का मानते, निसर्गाला पुजणारा पंथ आहे तो. लोक चेटकीण म्हणतात. म्हणू देत, त्यांच्या तोंडाला काय मी पुठ्ठा लावू?"

मुलीला वाटलं होतं, आता काहीतरी भयंकर ऐकायला मिळेल. मावशीने तिला सांगितलं, की महिनाभर रोज चंद्र बघायचा आणि लिहायचा. कुठे उगवला, किती होता, ढग होते का, आपलं डोकं त्या दिवशी ठिकाणावर होतं का. बस. महिनाभराने मुलीच्या लक्षात आलं, की चौदा वर्षांत तिला बघ आणि लिही असं कुणीच म्हटलं नव्हतं. पाठ कर आणि लिही, असंच म्हणत आले होते.

मग तीन मैत्रिणी आल्या. मावशीच्या अटी कडक होत्या. अठरा वर्षांच्या आत कुणाला दीक्षा नाही, शपथ नाही. घरून लेखी परवानगी. वही विकत आणायची नाही, स्वतः शिवायची. कुणावर काही करायचं नाही, कुणाच्या भल्यासाठीसुद्धा, त्याने मागितल्याशिवाय; आणि जे पाठवाल ते तिपटीने अंगावर येतं हे ध्यानात ठेवायचं. चार दिशा, चार तत्त्वं, वर्षाचे आठ सण, देवी आणि शिंगांचा देव, हे सगळं हळूहळू. या मार्गावर माणूस स्वतःसाठी वेगळं नाव घेतो, असं कळल्यावर मुलींनी चांदण्या-बिंदण्यांची नावं काढली. मावशी म्हणाली, "नाटकात काम करताय? या खोलीत जे आहे त्यातलं घ्या." म्हणून एक झाली खळ, एक पट्टी, एक रीळ. मुलीने घेतलं दाभण.

गेल्या गुरुवारी दिवस आणि रात्र सारखे होते. त्या दिवसाचं वर्तुळ उघड्या आकाशाखाली करायचं म्हणून चौघी गच्चीवर गेल्या. घंटा झाली तेव्हा मीठ झाडून घ्यायचं राहून गेलं.

"बेटा," दातांचे डॉक्टर आता म्हणाले. त्यांचा आवाज खुर्चीतल्या रोग्याला तोंड उघडायला सांगतानाचा होता. "माझीच मुलगी आहे ना तुमच्यात? तिने केली सही. मोकळी झाली. तू कशाला हट्टाला पेटतेस?"

"तिने केली की तुम्ही करायला लावली, काका?"

"ए!" आई म्हणाली.

"राहू द्या हो." डॉक्टर हसले. "अहो, आमच्या कानावर घालायला हवं होतं त्या बाईंनी. लहान मुलींना असलं काहीतरी शिकवायचं आणि आई-बापांना पत्ताच नाही!"

"पत्ता होता. तुमची सही आहे. 'विक्का या आध्यात्मिक मार्गाची ओळख, दर शनिवारी अकरा ते एक.' पत्र मावशीकडे आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते... ते मला वाटलं सहलीचं."

"दर शनिवारी सहल?"

क्लार्कला खोकला आला. आईने मान खाली घातली, कारण तसलंच एक पत्र तिनेही भाजी चिरता चिरता, ओल्या हाताने, सही करून दिलं होतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावर बोट वाजवलं. "हे बघ. मी काही राक्षसीण नाही. शब्द जरा सौम्य करू. चेटूक काढून टाकते. 'खेळ म्हणून केलं' असं लिहू. मुली खेळतात. खेळता खेळता झाकण उघडलं गेलं. विषय संपला. मावशींचंही नाव मग फार पुढे जाणार नाही."

आईने पटकन मुलीचा दंड धरला. "म्हण. म्हण ना, खेळ होता. तुझ्या बापाचं काय जातंय एक शब्द म्हणायला? वर्ष वाचेल तुझं."

"खेळ नव्हता, आई."

"मग काय होतं?"

"तू काचपट्टीवर थेंब ठेवतेस तेव्हा काय असतं? तसंच. मन लावून केलेलं." मुलगी मुख्याध्यापिकाबाईंकडे वळली. "बाई, तुम्ही माझा धर्म विचारलात तर मी सांगेन, अजून ठरलेला नाही. दोन वर्षांनी ठरवीन. पण वर्तुळात उभी असताना मी खोटं बोलत नव्हते. आणि झाकण आम्ही उघडलं नाही. ते उघडंच होतं."

"याला पुरावा?"

मुलीने दप्तरातून वही काढली. शिवण थोडी वाकडी होती. काल दप्तरं तपासली तेव्हा ही वही तेवढी सापडली नव्हती, कारण ती मावशीच्या दुकानात प्रेसखाली होती. बाईंनी हात पुढे केला.

"देणार नाही. ही दाखवायची नसते. पण दोन दिवसांची पानं मी स्वतः वाचते." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिने वाचायला सुरुवात केली.

"गुरुवार. बारा चाळीस. ऊन, वारा पश्चिमेकडून. टाकीचं झाकण बाजूला पडलेलं, त्यावर विटेचा तुकडा, विटेवर शेवाळ. आत मेलेलं कबूतर, फुगलेलं. आम्ही हात लावला नाही. रीळ म्हणाली, हवेतला जीव पाण्यात, म्हणजे दोन तत्त्वांचा मेळ. खळ म्हणाली, काहीतरी संपायचं चिन्ह. पट्टी म्हणाली, वास येतोय. मी म्हणाले, दिवस-रात्र समान असताना आपल्याला काहीतरी सांगितलं जातंय. अर्धा तास अर्थ लावला. घंटा."



"अर्धा तास?" आई म्हणाली. "पिण्याच्या पाण्यात कबूतर, आणि अर्धा तास अर्थ?"

"हो. शनिवारी मावशीने हेच पान ऐकलं. तेव्हा ती हेच म्हणाली, फक्त याहून वाईट शब्दांत. म्हणाली, ते कबूतर आहे, पाण्यात आहे, आणि पाणी पोरं पितात, हेच चिन्ह. अजून कसलं हवंय तुम्हाला? तिने तिथूनच शाळेत फोन लावला. चार वेळा. शाळा सुटली होती. हे माझं चुकलं आणि ते मी लिहिलंय. तुमच्या कागदात माझी ही चूक नाहीच. जी केली नाही तीच आहे."

तिने पान उलटलं.

"सोमवार. सात चाळीस. ऑफिसच्या खिडकीवर सांगितलं: टाकीत मेलेलं कबूतर आहे, नळ बंद करा. ऑफिसमधले सर म्हणाले, गच्चीवर कशाला गेली होतीस? मी परत सांगितलं. सर म्हणाले, गच्चीला कुलूप असतं, नाव काय तुझं, वर्ग कुठला? त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. कबूतर लिहून घेतलं नाही. आठ वाजता नळ चालू. दहा वाजता नळ चालू. बारा पाचला पाचवीतली पहिली मुलगी."

मुख्याध्यापिकाबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. क्लार्क आपल्या टिपणवहीत बघत होता.

"तुम्हाला सांगितलं होतं हिने?"

"बाई, सकाळची गर्दी... शंभर मुलं शंभर गोष्टी सांगतात. आणि गच्चीवर जायला मनाई आहे, म्हणून मी नियमाप्रमाणे नाव—"

"सांगितलं होतं की नाही?"

"कबूतर म्हणाली होती," क्लार्क म्हणाला. "काहीतरी."

आई उठून उभी राहिली. ती आस्तिक नव्हती आणि नास्तिक असण्याइतकाही तिला वेळ नव्हता; बहिणीच्या मेणबत्त्यांवर ती वीस वर्षं हसत आली होती. पण नमुना म्हणजे काय, हे तिला झोपेतही कळत असे. "टाकीच्या पाण्याचा नमुना घेतला का?"

"टाकी काल रात्री धुऊन घेतली," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "लगेच. मुलांच्या आरोग्याचा प्रश्न होता."

"नमुना न घेता?"

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि म्हणाले, की त्यांचे रोगी खोळंबले आहेत.

"काका, जाताना एक सांगा," मुलगी म्हणाली. "खळ माझ्याच शेजारी उभी होती. झाकण कोणी उघडलं ते तिला घरी कुणी विचारलं का? की नुसतं पेन दिलं?"

डॉक्टर दारात थांबले, खळ म्हणजे आपलीच मुलगी हे त्यांना कळायला एक क्षण लागला, आणि मग ते गेले. बाहेरच्या बाकावरून मावशीचा आवाज आला, "झाली का हो सहल?"

बाईंनी वहीची मागणी पुन्हा केली. मुलीने पुन्हा नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, मग या वाचनाला अर्थ काय, उद्या तू काहीही म्हणशील. मुलगी म्हणाली, लिहून घ्या, मी सांगते, वही माझ्या हातात राहील. अशी ती दोन पानं पावणेबारा ते साडेबारा उतरवली गेली. लिहिणारा क्लार्कच होता, दुसरं कुणी रिकामं नव्हतं. "कबूतर लिहून घेतलं नाही" या वाक्यापाशी त्याचं पेन थांबलं. मुलीने ते वाक्य तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घासकट.

"फुगलेलं पण लिहायचं?" त्याने विचारलं.

"फुगलेलं पण."

खाली मुलीने सही केली आणि वेळ टाकली. आईने साक्षीदार म्हणून सही केली. या वेळी तिने आधी दोन्ही पानं वाचली. मग आईने तो कागद बाईंपुढे ठेवला आणि 'मिळाला' एवढं लिहून मागितलं. बाई म्हणाल्या, संस्थेला विचारावं लागेल. टाइप केलेला कागद त्यांनी खणात ठेवला, फाडला नाही.

तिघी रस्त्याला लागल्या. मग आई बहिणीला म्हणाली, "ताई, तुझ्यावरचा राग माझा गेलेला नाही."

"जाऊ नकोच देऊ," मावशी म्हणाली. "माझाही हिच्यावरचा गेलेला नाही. अर्धा तास!"

"मी शनिवारी येणार आहे," मुलगी म्हणाली.

"नवीन पत्र लागेल," मावशी म्हणाली. आईने दोघींकडे पाहिलं आणि पर्समधलं पेन चाचपलं, पण काढलं नाही. "वाचून मग बघू," ती म्हणाली आणि लॅबच्या दिशेने वळली.

शुक्रवारी दातांच्या डॉक्टरांची मुलगी शाळेत आली नाही. पट्टीच्या वडिलांनी ऑफिसात येऊन सही केलेला कागद पुन्हा बघायला मागितला. तो त्यांना दाखवण्यात आला नाही. दुपारी साडेतीनपर्यंत उतरवलेल्या पानांवर 'मिळाला' असं कुणी लिहिलं नव्हतं, पोलीस चौकीत तक्रार गेली नव्हती, आणि मुलीचा परीक्षेचा फॉर्म ऑफिसच्या खिडकीच्या आतल्या ट्रेमध्ये वेगळा ठेवलेला होता, ना पुढे पाठवलेला, ना परत केलेला.