चार वेढे जास्त

पोटच्या पोरीनं पुंडलिकला, म्हणजे मला, नापास केलं, असं गल्लीत लोक हसत सांगतात. हसणाऱ्यांच्या नानाची टांग! आमच्या मोनालीवर काय गुदरली, ते माझं मला ठाऊक.

चिकलठाण्यात माझं पंख्याचं वर्कशॉप, तीस वर्षांचं. पाचोड, बिडकीन, सिल्लोड, सगळीकडं माझेच पंखे. तिकडची वीज लई लहरी. कधी दीडशे व्होल्टवर रडते, कधी पावणेतीनशेवर अंगावर येते. कंपनीचा पंखा जळतो, माझा नाय. कारण मोटारीत मी तांब्याच्या तारेचे चार वेढे जास्त देतो अन् वरून लाल दोऱ्याची गाठ मारतो. हवा जराशी कमी लागते, पण लग्नात दिलेला पंखा नवरीच्या लेकीच्या लग्नापर्यंत फिरतो.

मग नियम आला. वीजबचतीचा सरकारी स्टार नसला तर नवा पंखा विकायचा नाय. पुढं तो स्टारही अवघड करायचं ठरलं, तेवढ्याच विजेत हवा जास्त पायजे म्हणून. मुंबईत सुनावणी झाली, मीही गेलो. मोठ्या कंपन्यांची माणसं तासभर बोलली, मला दोन मिनिटं. म्हणलं, साहेब, पंखा गावातल्या विजेवर तपासा ना. साहेब म्हणले, लेखी द्या. दिलं. ते कुठल्या कपाटात गेलं कोण जाणे, अवघड नियम लागू झालाच.

मोनाली इंजिनियर, तपासणीच्या लॅबमधी नोकरीला. माझा नमुना तिथंच जाणार होता, नाव झाकून, नुसत्या नंबरावर. तिनं आधीच बजावलं, "पप्पा, आता नव्या स्टारच्या तक्त्याप्रमाणंच वेढे द्या. नमुनाही तसाच, पुढचा मालही तसाच." मी हो म्हणलो अन् वेढायला बसलो.

काय सांगू! हा पंखा पोरगी हातात घेईल, एवढंच डोक्यात घुसलं. लेकीच्या हाती जाणाऱ्या वस्तूत हात आखडता कसा घ्यायचा? चार वेढे जास्त गेलेच.

शनिवारी ती आली, चप्पल न काढताच भिंतीला टेकली. "नापास झाला, पप्पा. थोडक्यात हुकला. आकडे लिहून झाले, मग मोटार उघडली. लाल गाठ दिसली."

"सही केलीस?"

"केली."

गीताबाई मधीच बोलली, "अगं, एखादा आकडा इकडचा तिकडं केला असता तर..."

"गप!" मी बायकोवर ओरडलो. "त्यासाठी शिकवली का तिला?"

मोनाली म्हणली, "वेढे मोजले मी. चार जास्त. का, पप्पा? सांगितलं होतं ना?"

"तुझ्या हाती जाणार होता, म्हणून."

ती मटकन खाली बसली अन् लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन रडली. "नियम खोटा नाय, पप्पा. लोकांचं बिल कमी येतं. पण..." माझं काळीज फाटलं.

दुसऱ्या तपासणीची पाळी चार महिन्यांनी होती. तेवढ्यात उन्हाळा हातचा गेला, कारागीर दुसरीकडं लागले, वर्कशॉपाला कुलूप लागलं.

आताही मोनाली दर रविवारी येते. डोक्यावर माझाच पंखा, पण बटण दाबत नाय. घामानं भिजून बसून राहते. शेवटी मीच उठून लावतो. म्हणतो, "घे गं बाई हवा. तुझ्यासाठीच तर वेढत आलो."