दोन सह्या, एक घर

सासरा चांगला मिळायला नशीब लागतं म्हणतात. माझं नशीब बघा, माझ्या होणाऱ्या सासऱ्यानं भर ऑफिसात तोंड उघडलं आणि माझी खुर्चीच जायची वेळ आली.

बारामतीच्या एमआयडीसीत आमची टोमॅटो केचपची कंपनी. लिमिटेड बरं का! दोन वर्षांमागं तिचे शेअर निघाले तेव्हा लोकांच्या उड्या पडल्या होत्या. शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून पावतीवर सही करायची मी, आणि ती पावती बघून बिल पास करायची सही रविराजची. मी वडगाव निंबाळकरची. काट्यावर बसलेली पहिली बाई मीच, आणि ती खुर्ची भांडून मिळवलेली. रविराज पळसदेवचा, कंपनीला टोमॅटो घालणाऱ्या गेणूतात्यांचा थोरला. माझी प्रत्येक पावती तो दहादा तपासायचा, मी चिडायचे, त्यातनंच आमचं जमलं. येत्या रविवारी साखरपुडा! मी तर हवेतच होते.

त्या सकाळी तात्या टोमॅटो घेऊन आले. ट्रॅक्टर काट्यावर उभा केला आणि आधी पेढे वाटायला ऑफिसात शिरले. पुण्याहून ऑडिटर मोहनराव आलेले, त्यांनाही पेढा दिला. आणि वर बोलले काय?

"सायेब, काट्यावर सुनंची सही, बिलावर पोराची सही. आता दोन्ही सह्या माझ्याच घरात! म्हंजी कंपनी माझीच की!"

मोहनरावांचा पेढा तोंडातच राहिला.

"कंपनी तुमची नाही, तात्या," ते म्हणाले. "हजारो शेअरवाल्यांची आहे. ते काही काटा बघायला येत नाहीत, ते आमचा अहवाल वाचतात. म्हणून माल विकणारा एक, तोलून घेणारा दुसरा आणि बिल पास करणारा तिसरा असावा लागतो. तुम्ही तिघं तर एका घरात जेवणार! हे मला अहवालात लिहावं लागेल."

मॅनेजर सर्जेराव घाईनं म्हणाले, "त्यात काय अवघड हाय? लगीन झालं की पोरगी राजीनामा दील."

आग लागली माझ्या अंगाला! "मी का? हाताला मेंदी लागली म्हणून? ऑडिटर सायेब, तुमच्या नियमात लिवलंय का, बाईनंच उठायचं?"

"नाही. दोघं एका घरातले नकोत, एवढंच."

मी रविराजकडं वळले. "आन् तू रं? तोंड शिवलंय का तुझं?"

त्याचे कान लाल झाले. पण बोलला गडी. "सायेब, मला विक्रीकडं टाका. तितं माझ्या सहीनं कुणाचं बिल पास व्हायचं न्हाय."

सर्जेरावांनी होकाराची मान डोलावली. अगं बाई गं, मला तर तिथंच नाचावंसं वाटलं!

"एक राहिलंच," मोहनराव म्हणाले. "सासऱ्याचा माल सुनेनं तोलायचा, हेही चालणार नाही. काट्यावर दुसरं कोणी आहे का?"

दुसरं कुणीच नव्हतं. म्हणजे काट्यावर मी राहायची, तर तात्यांचा माल कंपनीत बंद. सगळे तात्यांकडं बघायला लागले. बाजारात आज भाव असतो, उद्या नसतो. कंपनीत कसा, ठरलेला. तात्यांचा चेहरा उतरला. ते उठून बाहेर गेले आणि ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

संपलं! मोडलं लग्न! मी चपला न घालताच पळाले.

"तात्या, राग आला का?"

"येणार न्हाय व्हय? इंदापूरच्या मार्केटला निघालोय. आजपास्नं माल तिकडंच."

"आन् साखरपुडा?"

"त्याला काय झालं?" तात्यांनी डोळे वटारले. "येडी का काय! भिगवणपतुर सांगत सुटलोय, माझी सून लिमिटेड कंपनीत काट्यावर बसती म्हणून. आता तू घरी बसलीस, तर मी तोंड कुठं लपवू?"

त्यांनी ट्रॅक्टर काट्यावरनं खाली घेतला. मला हसावं का रडावं कळेना, दोन्ही एकदमच झालं. साखरपुडा अजून व्हायचा होता, तरी तोंडातनं आपोआप निघालं, "मामंजी, दमानं जावा!"