पुंजारामाचा हात

“अरे बन्सी, मिशी माझ्या तोंडावर हाय. तू आरशात काय शोधतोयस?”

गिदोन सर खुर्चीतूनच ओरडले आणि बाकावर नंबर लावून बसलेले तिघे खो-खो हसले. मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, मग डोकं फुटायला आलेलं असलं तरी. सर निवृत्त मास्तर. दर रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चमधून सरळ माझ्या दुकानात येतात आणि दाढी होईपर्यंत अख्ख्या श्रीगोंद्याची खबर देतात. त्यांना काय सांगणार, की सर, माझी मान खाली जात नाही? खाली बघायचं झालं तर मी गुडघ्यातून वाकतो. तेही जमलं नाही तर आरशात बघून कात्री चालवतो. एवढ्या वर्षांत हात बसलाय. पण त्या रविवारी डोळ्यापुढं सरांच्या दोन-दोन मिशा दिसत होत्या.

सकाळपासून डोकं धरलं होतं. माझं डोकं कपाळात दुखत नाही. मागं मानेवर केस संपतात ना, तिथून सुरू होतं, टाळूवरून वर चढतं आणि उजव्या डोळ्याच्या मागं जाऊन ठाण मांडतं. आठवड्यातले चार-पाच दिवस हेच. उरलेल्या दोन दिवसांत ते कधी येईल याची वाट बघायची.

आणि सकाळ म्हणजे तर नकोच. अंथरुणातून उठायला मला पाऊण तास लागतो. आधी कूस, मग कोपर, मग भिंत. शेवटी अश्विनी येते, दोन्ही हात धरते आणि म्हणते, “चला, गाडीला धक्का मारायची येळ झाली.” बायको चेष्टा करते म्हणून बरं आहे. ती रडत बसली असती तर मी कधीच उठलो नसतो. चाललो-फिरलो की अंग जरा सुटतं. लोकांना काम केल्यावर दुखतं, मला झोपल्यावर. असला उफराटा आजार कुणाला सांगायचा? सांगितला की म्हणतात, “आळस हाय रं तो.”

अकरा वर्षं झाली या डोकेदुखीला. आधी चष्मा लावला. मग पित्त म्हणून चहा सोडला. चहा सोडलेला माणूस किती चिडका होतो ते अश्विनीला विचारा. मग कुणीतरी म्हणालं, दाढेमुळे दुखतं. चांगली धडधाकट दाढ काढून घेतली. आई असेपर्यंत तिनं दर अमावास्येला मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पाठ आणि कंबरही दुखायची, पण ती कोण धरतो? दिवसभर उभं राहून लोकांच्या डोक्यावर वाकायचं, पाठ दुखणारच. आमच्या अण्णांची नाही का वाकली?

अण्णा म्हणजे माझे वडील, पुंजाराम. दुकान त्यांनीच काढलं. आता वय पंचाहत्तरच्या पुढं. पाठीला पोक इतका, की चालताना समोरच्या माणसाच्या चपला आधी दिसतात आणि तोंड नंतर. हात कापतो म्हणून वस्तरा सुटला, कात्री सुटली. राहिलं एकच काम, मान मोडणं. दाढी-कटिंग झाली की मालीश करायची, मग एक हात हनुवटीला, एक डोक्यामागं, आणि गिऱ्हाईक बेसावध असताना एक झटका. कट्! दुसऱ्या बाजूला पुन्हा कट्! माणूस डोळे मिटून ‘आहाहा’ करतो. हे दुसऱ्या दुकानातही करतात, पण अण्णांचा हात वेगळा, असं सगळा तालुका म्हणायचा. ऊसवाहतुकीचे ड्रायव्हर कारखान्यावर गाडी रांगेला लावून खास यायचे. “पुंजारामाचा हात लागला की आठ दिवस बघायला नको.” हे ऐकलं की अण्णांचा चेहरा असा फुलायचा, की पोकसुद्धा घटकाभर सरळ झाल्यासारखा वाटायचा.

माझी मान ते रोज मोडायचे. रोज. अकरा वर्षं. सकाळी दुकान उघडून झाडलं की मी खुर्चीत बसायचो आणि ते मागं उभे राहायचे. आवाज झाला की पाच-दहा मिनिटं डोक्यात थंड वारं सुटायचं. पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पण त्या पाच मिनिटांसाठी मी जीव टाकायचो. अण्णा दुसरं काही बोलणारे नाहीत. शाळेत, लग्नात, आई गेली तेव्हा, कधीच काही बोलले नाहीत. एवढंच काय ते आमच्यात होतं.

गेल्या वर्षापासून आवाज यायचा बंद झाला. अण्णा म्हणायचे, “आखडलीय. जरा जोर लावू दे.” आणि लावायचे. वाकलेलं म्हातारं, पण मनगटात काय ताकद!

मग त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी नगरला गेलो. अश्विनीनं हट्टच धरला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोक्याचं सोडून कंबरेचंच विचारलं. सकाळी अंग किती वेळ आखडतं, झोपल्यावर वाढतं का, हालचालीनं कमी होतं का. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बरोबर प्रश्न विचारत होतं, मला तर रडूच यायला लागलं. रक्त तपासलं, एक्स-रेचे फोटो काढले. हा मणक्यांचा वात आहे म्हणाल्या, सुजेचा. मणके एकमेकांना चिकटत चाललेत, मानेपर्यंत गेलंय, आणि डोकं तिथूनच दुखतंय. गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम दाखवले. पूर्ण बरं होईल असं काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

मग म्हणाल्या, “मानेला मालीश-बिलीश करता का?”

“वडील रोज मान मोडत्यात,” मी कौतुकानं सांगितलं. “लई हात हाय त्यांचा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मान मोडतात? रोज?”

“व्हय.”

“अहो, तुमच्या मानेचे मणके वाळलेल्या उसासारखे झालेत. वाकणार नाहीत, तुटतील. एक झटका चुकला तर हातपाय जातील, नाहीतर जीव जाईल. तुम्ही आज इथं बसलाय हे नशीब समजा. खरं तर कुणाचीच मान अशी मोडू नये, पण तुमच्या मानेला आजपासून कुणी हात लावायचा नाही.”

येताना एसटीत, नगर सुटल्यावर अश्विनीनं विचारलं, “अण्णांना कोन सांगनार?” मी म्हणालो, “मी सांगतो.”

मी काय सांगतोय, डोंबल! बुधवारी म्हणालो, आज दुखत नाही. गुरुवारी म्हणालो, नव्या गोळीनं लई फरक पडला. शुक्रवारी, शनिवारी अण्णा यायच्या आत गिऱ्हाईक खुर्चीत बसवून मोकळा झालो. ज्या माणसाच्या हातात आता एवढी एकच गोष्ट उरलीय, त्याला कसं म्हणायचं, की अण्णा, ज्या हातावर तुम्ही जगताय त्यानं तुम्ही मला मारत होता?

तर तो रविवार. सरांची मिशी कशीबशी उरकली आणि मी मिनिटभर डोळे मिटून कपाट धरून उभा राहिलो. तेवढ्यात अण्णा दारात आले.

“दुखतंय व्हय रं?”

“न्हाई अण्णा.”

“मला नको सांगू. रंग बघ तोंडाचा. बस खुर्चीत.”

“गिऱ्हाईक हायेत, अण्णा.”

“बस रे बाबा,” सर खुर्चीतून उठत म्हणाले. “आम्हाला काही घाई नाही. पुंजारामअण्णा, आधी ह्याची मोडा, मग माझी.”

बाकावरचेही म्हणाले, “बस, बस.” कुणीतरी खांदे दाबून मला बसवलंच. डोकं इतकं ठणकत होतं, की खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, मोडू दे. काय व्हायचं ते होऊ दे. पाच मिनिटं तर थंड वारं सुटेल. अण्णांचा एक तळवा हनुवटीखाली आला, दुसरा मागं. तळव्याला खोबरेल तेलाचा वास होता. आरशात त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, जोर लावायच्या आधी मिटायचे तसे.

“हात काढा!” मी ओरडलो. “मारताय का मला? काढा म्हनतो ना हात!”

अण्णांचे हात निघाले. ते आरशातून माझ्याकडं बघत राहिले, मग टॉवेलला हात पुसले, दोनदा पुसले, चपला घातल्या आणि गेले. मला मागं वळून बघायचं होतं. माझी मान वळत नाही. उठून अख्खं अंग फिरवेपर्यंत ते रस्त्याला लागले होते.

“वडिलांशी असं बोलतात व्हय?” सर तापले. मग माझ्याकडं नीट बघून जवळ आले. “काय झालं रे?”

मी सगळं सांगितलं. सर ऐकता ऐकता स्वतःची मान चाचपायला लागले. “मग आमची रे?”

“कुनाचीच मोडायची न्हाई म्हनली डॉक्टरीन.”

सर हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. म्हणाले, “मला पाच मिनिटांत सांगितलंस. त्यांना पाच दिवसांत सांगता आलं न्हाई? दुकान बंद कर अन् घरी जा आधी.”

रविवारी भर दुपारी मी शटर ओढलं. आमच्या धंद्यात हे कुणी करत नाही.

घरी अण्णा ओट्यावर बसले होते. अश्विनी दारातच खवळून उभी. “काय बोल्लात त्यांना? आल्यापास्नं पान्याचा घोट न्हाई घेतला.” मी जाऊन अण्णांच्या शेजारी बसलो. डोक्यात घण पडत होते. एक्स-रेचं पाकीट मागून घेतलं, एक फोटो उन्हात धरला आणि डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. उसाचंही सांगितलं.

अण्णांनी तो काळा फोटो स्वतःच्या हातात घेऊन उन्हात धरला. त्यांना त्यातलं काय कळत होतं देव जाणे.

“मी केलं का रं हे?”

“न्हाई अण्णा. हा रोग मान मोडल्यानं होत न्हाई. बाई म्हनल्या, रक्तातनं येतो. घरात कुनाला हाय का म्हनून इचारत हुत्या. वडलांची पाठ कशीय म्हनल्या. मी म्हनलं, ती धंद्यानं वाकली.”

अण्णांनी फोटो खाली ठेवला. “सकाळचं उठाया येत न्हाई तुला, तेबी त्यातच?”

“व्हय.”

“अन् हितनं निगून डोळ्यामागं जातं?” त्यांनी स्वतःच्याच मानेवर बोट ठेवलं आणि ते डोक्यावरून फिरवत उजव्या डोळ्यापर्यंत आणलं. अगदी बरोबर त्याच वाटेनं.

“तुमचंबी दुखायचं?”

“तुज्यापरीस बारका हुतो तवापास्नं.”

“अण्णा! अन् कदी बोल्ला न्हाई?”

“कुनाला बोलू?” ते चिडून म्हणाले. “तुज्या आईला? ती बिचारी काय करनार हुती? लोकांच्या माना मोडल्या, पर माजी मोडाया कुनी हुतं का? तुजं दुखाया लागलं तवा म्हनलं, आपलं गेलं तसंच, याला निदान मी तरी हाय.”

आत अश्विनीच्या हातातलं भांडं पडलं. अकरा वर्षं हा माणूस माझ्या मागं उभा होता आणि तेच डोकं घेऊन उभा होता. मी पाच मिनिटांसाठी डोळे मिटायचो तेव्हा त्यांचं काय होत असेल, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला. खरंच सांगतो, फार लाज वाटली.

“आता दुखतंय का?” त्यांनी विचारलं.

पाच दिवस खोटं बोलत होतो. आता खोटं बोलवेना.

“लई दुखतंय, अण्णा.”

त्यांचे दोन्ही हात सवयीनं उठले, माझ्या हनुवटीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. मग त्यांनी ते मागं घेतले, दोन्ही मांड्यांखाली दाबून धरले आणि हातांवर बसून राहिले. अश्विनीनं जेवायला दोनदा हाक मारली, तरी त्यांनी हात काढले नाहीत.