झऱ्याचं वाक्य

स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत वाजत राहिलं. तिने धावत जाऊन त्याच्यावर पाय ठेवला. आतल्या खोलीत तापाने मलूल झालेली लेक आत्ता कुठे झोपली होती. श्वास रोखून तिने कानोसा घेतला. हालचाल नाही. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

"अगं, त्या पत्रकाराने परत 'श्रद्धा' खोडून 'दावा' केलंय बघ!" मॅडम म्हणाल्या.

मॅडम विद्यापीठात धर्म-अभ्यास हा विषय शिकवत; ती त्यांच्या विभागातली कारकून, तीही कंत्राटी. लेक आजारी म्हणून आज घरूनच काम चाललं होतं. धर्माचे अभ्यासक आणि पत्रकार यांनी जोडीने काम करावं म्हणून एक संस्था विद्यापीठांना अनुदान देणार होती, आणि अर्जाची मुदत आज पाचला संपत होती. अनुदान मिळालं तर तिचं कंत्राट वाढणार, नाहीतर महिनाअखेरीला नारळ. सगळी पानं भरून झाली होती. गाडं अडलं होतं एका चौकटीपाशी: विषय, एका वाक्यात, दोघांच्या संमतीने.

विषय होता शहराबाहेरचा झरा. 'या पाण्याने आजार बरे होतात अशी लोकांची श्रद्धा आहे,' असं मॅडमनी लिहिलं. त्यांच्या जोडीच्या पत्रकाराने श्रद्धा खोडून 'असा लोकांचा दावा आहे' केलं. मॅडमनी दावा खोडला. सकाळपासून हेच चाललं होतं.

"दावा म्हणजे बिचाऱ्यांना कोर्टातच उभं केलं की! आजारी माणूस दावे करत बसतो होय?"

"नाही मॅडम."

"मग सांग त्याला."

त्याला सांगितलं, तर तो उसळलाच. "ताई, श्रद्धा म्हटलं की सगळे माना खाली घालून उभे राहतात. मग पाणी तपासायचं कुणी? माझ्या आज्जीने?"

"बरोबर आहे सर."

"मॅडमनाही हेच म्हणालात ना?"

"घरी नवरा आणि सासूबाई आहेत, सर. सवय आहे."

तो हसला, पण शब्द काही सोडेना. तिला मात्र खरंच दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत होती.

गेल्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा लेकीला कडेवर घेऊन, दोन बस बदलून, तीच त्या झऱ्यावर गेली होती. वडिलांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तिने ते पाणी साधं म्हणून त्यांच्या पेल्यात ओतलं. अकरा दिवस पुरलं. बाराव्या दिवशी ते गेले. तिची श्रद्धा होती? कुणी विचारलं असतं तर 'छे' म्हणाली असती. दावा तर कुणापाशी केलाच नव्हता, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. मग उन्हातान्हातून ती गेली कशाला होती? मन घोटाळत राहिलं. घड्याळात साडेचार वाजले.

तिने चौकट रिकामी केली आणि टाइप केलं, 'आजारी माणसासाठी लोक हे पाणी घरी नेतात.' दोघांना पाठवलं आणि नखं खात बसली.

आधी पत्रकाराचा फोन आला. "हे तिथे उभं राहून डोळ्यांनी बघता येतं. चालेल. कुणाचं वाक्य?"

"टाइप करता करता झालं, सर."

मॅडमनी मात्र फोन करून ते वाक्य तिलाच दोनदा वाचून दाखवायला लावलं. "यात काही म्हटलेलंच नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या. मग आवाज उतरला. "पण खोटंही नाही. दे पाठवून."

पाचला बारा मिनिटं कमी असताना अर्ज गेला. आपण कोडं सोडवलं की नुसतीच त्याला बगल दिली, तिला कळेना. नोकरीचं तर अजून सगळंच अधांतरी.

मागे वळली तर दारात लेक उभी. विस्कटलेले केस, लाल झालेले गाल. फोनवरचं किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने लेकीला ओढून मांडीवर घेतलं. अंग अजून कोमट होतं.

"आई, आपण आजोबांसाठी आणलं होतं, तेच पाणी ना?"

"हो गं सोन्या."

"कसं लागतं ते?"

तिने लेकीचे केस कानामागे सारले. एवढ्या लांबून आणलं, रोज पेल्यात ओतलं, पण तिने स्वतः ते कधी चाखलंच नव्हतं.

"सांग ना. गोड असतं?"