मालकांनी विचारलं का?

“विचारलं का?” ओटची पेज ढवळत बेलने विचारलं.

“हवेबद्दल बोलले,” नवरा आर्ची बूट काढत म्हणाला.

“हवेला काय चाटायचंय? अठ्ठावीस मे तोंडावर आला.”

रीत साधी होती. मालकाने वर्षाची मुदत संपण्याआधी तबेल्यात येऊन विचारायचं, “राहतोस ना?” नाही विचारलं, तर अठ्ठावीस मेला गड्याने बिऱ्हाड गाडीत भरायचं. गड्याने आपण होऊन विचारायचं नाही. आर्चीच्या बापाने सतरा शेतांवर नांगराचे घोडे हाकले, पण एकदाही तोंड उघडलं नाही. त्यांच्या मिल्न घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट काय ती एवढीच. आर्चीची चार मुलं चार गावांत जन्मली. पाचवी जेसी इथे जन्मली आणि सहाव्या वर्षी घटसर्पाने इथेच गेली. कुटुंबात एका जागी टिकलेली ती एकटीच.

“तिला टाकून मी यायची नाही,” बेल म्हणाली. “तूच विचार. जीभ झडत नाही.”

दुसऱ्या दिवशी मालक लेस्ली तबेल्याच्या दारात उभे राहिले. आर्ची घोडीला खरारा करत होता.

“हवेत ओल आहे.”

“आहे.”

“घोडी तजेलदार दिसतेय.”

“हं.”

मालक हलेनात. आर्चीच्या अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात बाप आठवला. त्याने खरारा असा दाबला, की घोडीनेच मान वळवून पाहिलं. मालक निघून गेले.

गड्यांच्या भरतीच्या बाजारात त्याला चौदा मैलांवरचं शेत मिळालं. अठ्ठावीस मेला पलंग, घड्याळ आणि कोंबड्यांचं खुराडं नव्या मालकाने धाडलेल्या गाडीत चढलं. फाटकाशी मालक आले.

“दोनदा येऊन उभा राहिलो. तू आपला हं नि हूं. मला वाटलं, तुझं दुसरीकडे ठरलंय.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“आणि तू नाही म्हणाला असतास तर? बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली असती का मला?”

आर्चीने खुराड्याचा दोर आवळला. त्याच्या बापानेही हेच केलं असतं.

“डावीकडून गेलं की घोडी लाथ झाडते,” तो म्हणाला. “नव्या गड्याला सांगा.”

चर्चच्या भिंतीशी गाडीवाल्याने लगाम आवळला.

“थांबायचं का?”

इतक्या दिवसांत निदान कुणीतरी विचारलं होतं. आर्चीने टोपी काढली. उत्तराची वाट न पाहता बेल खाली उतरली. पहाटे जेसीच्या थडग्याचा दगड घासून तिचे हात अजून लाल होते.


आर्ची टोपी धरून परक्या घोड्याच्या पाठीकडे पाहत बसला.